संत्र्याची कलमे आणि संशोधनावरचा खर्च

संत्र्याला डिंक्या लागला की खोडातून डिंक गळतो, साल कुजते आणि बहरात आलेले झाड वाळू लागते. फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव हे करतो. तो बऱ्याचदा रोपवाटिकेच्या मातीतून कलमांसोबतच बागेत येतो. म्हणून रोगमुक्त कलमे तयार करण्याचे काम नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत होते. 1985 साली सुरू झालेली ही संस्था सरकारी आहे, म्हणजे पैसा जनतेचा. तो वसूल झाला का, हे कसे कळणार?

असा हिशेब झ्वी ग्रिलिचेस या अर्थशास्त्रज्ञाने 1958 साली अमेरिकेतल्या संकरित मक्यासाठी मांडला. संशोधनावर गेलेल्या प्रत्येक डॉलरमागे समाजाला दरवर्षी किमान 7 डॉलर मिळतात, असे त्याचे उत्तर होते. पण संकरित मका हे यशस्वी ठरलेले संशोधन होते. जे प्रयोग फसले त्यांचाही खर्च धरला, तरच एकूण गुंतवणुकीचा परतावा कळतो.

खरी अडचण तुलनेची आहे. काटोल-नरखेडच्या एखाद्या बागेचे उत्पन्न वाढले, तर श्रेय कलमांचे, ठिबकचे की त्या वर्षीच्या पावसाचे? संशोधन झालेच नसते तर काय झाले असते, हे कुणालाच पाहता येत नाही. म्हणून तशीच जमीन, तेवढेच पाणी, पण जुनीच कलमे असलेल्या बागा शोधून त्यांच्याशी ताडून पाहावे लागते. त्यातही बाग फळावर यायला पाचेक वर्षे लागतात. खर्च आधी होतो, फायदा फार उशिरा दिसतो.

तो फायदा कुणाला मिळतो, हेही पाहायला हवे. सगळीकडे माल वाढला की कळमन्याच्या बाजारात भाव उतरतात. ग्राहकाला संत्री स्वस्त मिळतात, पण ज्याने नवी कलमे लावलीच नाहीत त्याचे नुकसान होते. अर्थशास्त्रज्ञ ही सगळी बेरीज-वजाबाकी करून एकच आकडा देतात. त्या आकड्याच्या पोटात कुणाचा तोटा दडला आहे, हे वेगळे विचारावेच लागते.

आकडा काढण्याची रीतही महत्त्वाची. हर्ली, राव आणि पार्डी या अर्थशास्त्रज्ञांनी 2014 साली शेती संशोधनाची जगभरातली 2,242 मूल्यमापने पुन्हा तपासली. जुन्या रीतीने परताव्याचा मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, वर्षाला 39 टक्के येत होता. त्या रीतीत मिळालेला फायदा पुन्हा तितक्याच दराने गुंतवला जातो, असे धरलेले असते. 39 टक्के दराने 100 रुपयांचे 20 वर्षांत 72 हजारांवर रुपये होतील! हे गृहीतक दुरुस्त केल्यावर मध्यक 9.8 टक्क्यांवर आला. त्या दराने साधारण 650 रुपये होतात. माझ्या मते हा लहान आकडाच संशोधनाच्या बाजूने जास्त भक्कम साक्ष देतो, कारण त्यावर विश्वास ठेवता येतो.

काही संशोधनातून उत्पन्न वाढतच नाही. बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या बीटी कपाशीलाही गुलाबी बोंडअळी पुरून उरली. आता तिच्यावर लक्ष ठेवणारे काम, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतलेही, मुख्यतः नुकसान आवरण्यासाठी आहे. एकरी उतारा जागच्या जागी राहिला तरी ते काम फळले असू शकते, पण नुसत्या उताऱ्याच्या तक्त्यात ते दिसत नाही. म्हणून कलमे असोत की कपाशी, नवे तंत्र शिवारात जाते त्याच वर्षी ते न वापरणाऱ्या शेतांच्याही नोंदी सुरू करायला हव्यात. वीस वर्षांनी तुलनेसाठी त्या मागून मिळत नाहीत.