पाकीट तीनशे ग्रॅमचं, गाडी टनभराची

कामाचं एक पाकीट तीन किलोमीटरवर पोचवायचं आहे. आत सहीचे कागद, वजन जेमतेम तीनशे ग्रॅम. हात आपसूक गाडीच्या किल्लीकडे जातो. मध्यम आकाराची मोटार हजार-बाराशे किलोची असते. तीनशे ग्रॅम कागद आणि सत्तर किलोचा माणूस यांच्यासाठी आपण टनभर लोखंड, काच आणि रबर तिथवर नेतो आणि तसंच परत आणतो. सायकल असते पंधरा किलोच्या आसपास. तिच्यावरचं खरं ओझं म्हणजे आपण स्वतः.

सायकलच्या बाजूने बोलताना पेट्रोलची बचत आणि पर्यावरण हे दोन मुद्दे नेहमी येतात. दोन्ही खरे आहेत. पण मला सगळ्यात जास्त पटलेला मुद्दा यंत्राचा आहे. जवळच्या अंतरावर, थांबत-थांबत जाताना मोटार तिच्या सगळ्यात वाईट अवस्थेत चालते, आणि नेमकं तेच अंतर सायकलला सगळ्यात छान जमतं.

एक सिग्नल घ्या. बाराशे किलोची गाडी ताशी 40 किलोमीटर वेगाने येते आणि लाल दिवा लागतो. त्या क्षणी तिच्यात सुमारे 74 हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा घर्षणाने उष्णता होऊन हवेत जाते. तेवढ्या उष्णतेत जवळपास पाव लिटर पाण्याला उकळी येईल. दिवा हिरवा झाला की ती ऊर्जा पुन्हा मिळवायची, आणि शहरातल्या रहदारीत पेट्रोलमधली फार तर चौथाई ऊर्जा चाकांपर्यंत पोचते. म्हणजे एका थांब्याचे साधारण दोन छोटे चमचे पेट्रोल. असे पाच-सहा सिग्नल जाताना आणि तितकेच येताना. इलेक्ट्रिक मोटार यातला काही भाग परत बॅटरीत भरते, पण टनभर वजन तिलाही ओढावं लागतंच. ताशी 15 किलोमीटरने जाणारा सायकलस्वार सिग्नलला थांबतो तेव्हा सायकल धरून त्याची जाणारी ऊर्जा साडेसातशे ज्यूलच्या आत असते, म्हणजे मोटारीच्या शंभराव्या हिश्शाएवढी.

दुसरी गोष्ट थंड इंजिनाची, आणि ती फारशी बोलली जात नाही. पेट्रोल गाडीच्या धुराच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. आतून तो मधाच्या पोळ्यासारखा दिसतो आणि त्याच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइड यांचं रूपांतर तो कमी घातक वायूंमध्ये करतो. मात्र त्यासाठी तो अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. तोवर, म्हणजे गाडी सुरू केल्यावरच्या पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत, विषारी धूर बराचसा जसाच्या तसा बाहेर पडतो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून ते जादा सोडावं लागतं, आणि तेलही घट्ट असतं. तीस किलोमीटरच्या प्रवासात ही पहिली मिनिटं कुठल्या कुठे जातात. तीन किलोमीटरच्या कामात मात्र प्रवासाचा मोठा हिस्सा त्यांचाच असतो.

सकाळी गाडी चालू केल्यावर सायलेन्सरच्या तोंडातून पाण्याचे थेंब गळताना तुम्ही पाहिले असतील. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. पण इंजिन पुरतं तापायच्या आतच काम उरकत असेल, तर त्यातलं काही सायलेन्सरमध्ये साचतं, काही इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. सायलेन्सर आतून गंजत जातो. छोट्या फेऱ्यांनी गाडीही झिजते ती अशी.

आता सायकल. सपाट रस्त्यावर ताशी 15 किलोमीटरने जाताना हवेचा आणि टायरचा मिळून जो विरोध होतो, तो सव्वा किलोची पिशवी हातात धरायला लागणाऱ्या जोराइतका असतो. त्यासाठी पेडलवर 55-60 वॅट पुरतात. पायांची ताकद चाकापर्यंत नेणारी चेन तर अभियांत्रिकीतली मला फार आवडणारी चीज आहे. 1999 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी मोजलं, तेव्हा चांगल्या स्थितीतल्या चेनची कार्यक्षमता 98.6 टक्क्यांपर्यंत गेली. ऑक्सफर्डच्या एस. एस. विल्सन यांनी 1973 मध्येच दाखवून दिलं होतं, की एक किलोमीटर अंतरावर एक ग्रॅम वजन नेण्याचा ऊर्जाखर्च धरला, तर सायकलवरचा माणूस सगळ्या प्राण्यांना आणि यंत्रांना मागे टाकतो.

जाऊन-येऊन सहा किलोमीटरला शरीराच्या सुमारे 100 किलोकॅलरी खर्च होतात. एका मध्यम केळ्यात तेवढ्या असतात. लिटरला 15 किलोमीटर जाणारी मोटार याच अंतराला जे पेट्रोल जाळते, त्यात सुमारे 3,000 किलोकॅलरी असतात. प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या जेवणापेक्षा हा आकडा मोठा आहे.

शरीराला याचा फायदा होतो हे वेगळं सांगायला नको. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांच्या 2017 च्या अभ्यासात सायकलने कामावर जाणाऱ्यांचा मृत्यूचा धोका, बसून प्रवास करणाऱ्यांच्या तुलनेत, 41 टक्के कमी आढळला. असा अभ्यास संबंध दाखवतो, सगळं श्रेय सायकललाच आहे असं सिद्ध करत नाही. तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

अंतर वीस किलोमीटर असेल, सामान अवजड असेल, गुडघा दुखत असेल, तर गाडी घ्यावी. आणि ज्या रस्त्यावर भरधाव ट्रकच्या बाजूला सायकलला हातभर जागा नाही, तिथे हे आकडे ऐकवण्याआधी ती जागा करून द्यायला हवी. हे मला मनापासून वाटतं.

निघताना टायर अंगठ्याने दाबून बघा. सहज दबला तर हवा भरा, कारण मऊ टायर प्रत्येक फेऱ्यात चेपतो आणि तुमची ताकद खातो. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर टेकवली की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. सीट त्याहून खाली असेल तर गुडघ्यांवर ताण येतो. कागदांची बॅग पाठीवर न घेता कॅरिअरवर बांधा, पाठ कोरडी राहते.

उरला घामाचा प्रश्न. सायकलवरून जाऊन समोरच्यापुढे घामाघूम कसं उभं राहायचं, ही अडचण खरी आहे. स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, तिचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उष्णता होतो. चालत्या सायकलवर वारा ती काढून घेतो. आपण थांबतो, वारा थांबतो, पण अंगातली उष्णता काही मिनिटं बाहेर येतच राहते. म्हणून घाम फुटतो तो पोचल्यावर. त्यात हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 15 ऐवजी 22 किलोमीटरने गेलात तर तीन किलोमीटरमागे चारेक मिनिटं वाचतात, पण ताकद दुपटीहून जास्त लागते आणि उष्णताही त्याच हिशोबात वाढते. तेव्हा चार मिनिटं आधी निघायचं आणि शेवटचा अर्धा किलोमीटर पेडल अगदी हलक्या पायाने मारायचं. सायकल स्टँडवर लावेपर्यंत कपाळ वाळलेलं असतं, आणि पाकीट देताना बोलायला धाप लागत नाही.