हेरपटमालिकेतील पुनरारंभ

जुन्या हेरपटमालिकेचा घटनाक्रम बाजूला ठेवून त्याच नायकाची कथा मुळापासून नव्याने मांडण्याची पद्धत. केवळ नट बदलल्याने पुनरारंभ होत नाही. जेम्स बाँडच्या मुख्य मालिकेत १९६२ ते २००२ या काळात पाच नटांनी ही भूमिका केली, तरी नायक तोच मानला गेला. २००६ च्या ‘कॅसिनो रॉयल’मध्ये डॅनियल क्रेग आला, तेव्हा मात्र बाँड नुकताच ००७ झालेला, नवखा आणि चुका करणारा दाखवला गेला.

सीमाभागातील पार्श्वभूमी : बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी प्रेक्षक हिंदी-मराठीबरोबर कन्नड चित्रपटही पाहत आला आहे. त्यामुळे येथे हेरनायकाचा विचार कन्नड नट डॉ. राजकुमार यांच्या सीआयडी ९९९ या हेरपटमालिकेपासून करणे योग्य. दोरै-भगवान या दिग्दर्शकद्वयाच्या ‘जेडर बले’ (१९६८, अर्थ ‘कोळ्याचे जाळे’) पासून ‘ऑपरेशन डायमंड रॅकेट’ (१९७८) पर्यंत चार चित्रपटांत प्रकाश हा हेर आला, दुसऱ्याच्या तर नावातच शेजारचा गोवा आहे. या मालिकेत भर मोहिमेवर आहे, नायकाच्या घडणीवर नाही. जुना बाँडही बहुतांशी असाच होता. कन्नडमध्ये परभाषिक चित्रपट डब न करण्याचा दंडक दीर्घकाळ पाळला गेल्याने बाँड या भागात इंग्रजी किंवा हिंदीतूनच पोचला असावा.

आरंभबिंदूविषयी मतभेद : इअन फ्लेमिंगची ‘कॅसिनो रॉयल’ ही पहिली बाँड कादंबरी १९५३ ची, पण तिचे चित्रपटहक्क आधीच इतरांकडे गेल्याने मुख्य मालिकेच्या निर्मात्यांना ते १९९९ च्या सुमारास मिळाले. पहिली कथा एकविसाव्या चित्रपटात येण्याचे हे एक कारण. काहींच्या मते हा चित्रपट पुनरारंभ नसून पूर्वकथा आहे. मात्र पूर्वकथा म्हणावी, तर ती २००६ च्या जगात घडते. उलट पुनरारंभ म्हणावा, तर १९९५ पासून ‘एम’ म्हणजे बाँडच्या वरिष्ठाच्या भूमिकेत असलेल्या ज्यूडी डेंच त्याच पदावर कायम आहेत. ‘जेम्स बाँड’ हे एकामागून एक हेरांना मिळणारे सांकेतिक नाव असावे, असा तिसरा तर्क चाहत्यांत लोकप्रिय आहे. तो टिकत नाही. १९८१ च्या चित्रपटात रॉजर मूरचा बाँड पत्नी ट्रेसीच्या थडग्यावर जातो. तिच्याशी लग्न १९६९ मध्ये जॉर्ज लॅझनबीच्या बाँडने केले होते. २०१२ च्या ‘स्कायफॉल’मध्ये बाँडच्या आईवडिलांच्या थडग्यावर हेच आडनाव आहे. ॲस्टन मार्टिन या गाडीचा पेच मात्र खरा आहे. २००६ मध्ये बाँड ती जुनी गाडी जुगारात जिंकतो. ‘स्कायफॉल’मधील गाडीत १९६४ च्या चित्रपटातील बाहेर फेकणारे आसन सापडते. येथे निर्मात्यांनी सुसंगतीपेक्षा प्रेक्षकांच्या जिव्हाळ्याला झुकते माप दिले, असे मानणे अधिक सयुक्तिक.

नायकातील बदल : कादंबरीतील बकारा हा पत्त्यांचा खेळ प्रामुख्याने नशिबाचा. चित्रपटात त्याजागी पोकरचा ‘टेक्सास होल्डेम’ हा प्रकार आला. यात हातात दोन पाने, टेबलावर सर्वांची मिळून पाच. त्यामुळे समोरच्याचा चेहरा वाचण्याला महत्त्व येते. बाँडला वाटते, खलनायक ल शिफ्रची खोटे खेळतानाची खूण आपण ओळखली. त्याच समजुतीवर तो सुरुवातीची सारी रक्कम हरतो. जुन्या बाँडची खेळावरची पकड सहसा अशी सुटत नसे. पुढे प्रेयसी व्हेस्परने केलेला विश्वासघात आणि तिचा मृत्यू या नव्या बाँडच्या मनात राहतो आणि ‘क्वांटम ऑफ सोलेस’ (२००८) ही कथा तेथूनच पुढे नेते. मार्टिनी हे मद्यपेय हलवून हवे की ढवळून, या प्रश्नावर तो तुसडेपणाने उत्तर देतो. आपले नाव प्रसिद्ध ढंगात तो चित्रपटाच्या शेवटच्या क्षणी सांगतो, म्हणजे ते त्याने कमावलेले ठरते. बाँडला उपकरणे पुरवणारा क्यू आणि ‘एम’ची सचिव मनीपेनी ही जुनी पात्रे ‘स्कायफॉल’पर्यंत येत नाहीत. पुनरारंभाचे मर्म तरुण नट किंवा वास्तववादी मारामारी यांत नसून नायकाला स्मृती देण्यात आहे, हे मत येथे ग्राह्य धरले आहे.

स्मृती आली की वयही येते. ‘स्कायफॉल’मध्ये बाँड कामाच्या चाचण्यांत नापास होतो. ‘नो टाइम टू डाय’ (२०२१) मध्ये त्याला मुलगी असल्याचे कळते आणि शेवटी तो मरतो. मुख्य मालिकेत असे प्रथमच घडले. २०२५ मध्ये मालिकेचे सर्जनशील नियंत्रण ॲमेझॉन एमजीएमकडे गेले व पुढील चित्रपटासाठी दिग्दर्शक म्हणून दनी व्हिलनव्ह यांचे नाव जाहीर झाले.