जेरबंद आणि कावा : मागच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, रायबाग आणि अथणी या पट्ट्यात घोडा अजून चित्रापुरता उरलेला नाही. माघात चिंचलीच्या मायाक्कादेवीच्या जत्रेत, गावोगावच्या घोडागाडी शर्यतींत, लग्नाच्या वरातींत आणि शिवजयंतीच्या मिरवणुकांत तो दिसतो, आणि त्यामुळे शिकवताना मागच्या दोन पायांवर उभा राहणाऱ्या घोड्याचे काय करावे, हा प्रश्नही येथे जिवंत आहे. त्यावर बहुतेक ठिकाणी मिळणारे उत्तर लगाम आवळण्याचे आणि डोके खाली बांधण्याचे असते. हे उत्तर कोठून आले आणि त्याच्या शेजारचे दुसरे, अधिक शहाणे उत्तर मागे का पडले, हे पाहण्यासाठी मराठीतील दोन शब्दांपासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

पहिला शब्द ‘जेरबंद’. आज वर्तमानपत्रात बिबट्या जेरबंद होतो, चोर जेरबंद होतो. पण मूळ फारसीत ‘जेर’ म्हणजे खाली आणि ‘बंद’ म्हणजे बांधणी, आणि जेरबंद म्हणजे घोड्याच्या तोंडाकडून निघून पुढच्या दोन पायांमधून पोटाच्या तंगाला, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याला, अडकवलेला, डोके वर फेकू न देणारा पट्टा. दुसरा शब्द ‘कावा’. गनिमी काव्यामुळे तो सर्वांना ठाऊक आहे, परंतु पागेत घोड्याला ‘काव्यावर धरणे’ याचा अर्थ त्याला वर्तुळात फिरवत शिकवणे असा होता. एका शब्दात घोड्याला अडवणे आहे, तर दुसऱ्यात त्याला चालते ठेवणे. उभ्या राहणाऱ्या घोड्याला हाताळण्याचा सारा इतिहास, माझ्या मते, या दोन शब्दांमधील ओढाताणीचा आहे.

घोडा उभा का राहतो, याचे यंत्र साधे आहे. स्वार टाचेने ‘पुढे चल’ म्हणतो आणि त्याच क्षणी हाताने लगाम ओढून ‘थांब’ म्हणतो. पुढची वाट बंद, मागे जाण्याला टाचेची मनाई, तेव्हा उरते ती केवळ वरची दिशा. त्या क्षणी घाबरलेला स्वार तोल सावरण्यासाठी लगामालाच लटकतो, आणि चारशे किलोंच्या आसपासचे जनावर पाठीवर उलटण्याचा धोका त्याच ओढीने वाढतो. मात्र उभे राहण्यासाठी घोड्याला आधी थबकावे लागते, मागचे पाय पोटाखाली रोवावे लागतात. जो घोडा मोकळेपणाने पुढे चालतो आहे किंवा वळतो आहे, त्याला ते सहजासहजी जमत नाही. काव्याचे मर्म येथेच आहे.

हे ज्ञान आपल्या प्रदेशाला परके नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात स्वारीच्या घोड्याच्या वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण आणि नारोष्ट्र अशा पाच गती सांगितल्या आहेत, आणि त्यांपैकी नारोष्ट्र म्हणजे नुसत्या संकेतावर होणारी हालचाल असा अर्थ लावला जातो. त्यानंतर अनेक शतकांनी, सुमारे ११२९ साली, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने मानसोल्लास सिद्ध केला. ती कल्याणी म्हणजे आजच्या सीमाभागातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. या ग्रंथात घोड्यांची पारख, त्यांचे शिक्षण आणि घोड्यावर बसून दोन संघांनी खेळायचा चेंडूचा खेळ यांचे वर्णन आहे. संस्कृत अश्वशास्त्राच्या परंपरेत कोणत्या दोषासाठी शरीराच्या कोणत्या भागावर चाबूक वापरावा, हेही ठरवून दिलेले आढळते. शिक्षा तेथेही आहेच, पण ती स्वाराच्या रागावर सोडलेली नाही, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

मराठा लष्करात बारगिराचा घोडा सरकारी पागेचा असे आणि शिलेदाराचा स्वतःचा. शिवकाळातील पागेच्या व्यवस्थेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि तेवढ्या घोड्यांमागे नाल ठोकणारा एक नालबंद व पाणी वाहणारा एक पखालजी नेमलेला असे. घोडी शिकवणारा चाबूकस्वार आणि त्यांची निगा राखणारा मोतद्दार हे स्वतंत्र पेशे होते. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टे आकाराने लहान, पण काटक आणि झटकन वळणारी म्हणून नावाजली होती. भालाईत स्वाराला वळणारा घोडाच हवा असल्याने काव्याचे शिक्षण ही लढाईची गरज होती. पटवर्धनांसारख्या सरदारांच्या पथकांमुळे कृष्णा आणि घटप्रभेच्या मधल्या मुलखात ही विद्या रुजली होती. एप्रिल १८१८ मध्ये जनरल मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला, पेशवाई संपली, आणि पथके मोडल्यावर पागांचे वैभव ओसरले. घोडे राहिले, चाबूकस्वाराचा पेशा मात्र हळूहळू विरत गेला.

पुढे घोडा टांग्याला, शर्यतीच्या गाडीला आणि वरातीला जुंपला गेला. या कामांत साधने शिल्लक राहिली, पण ती कधी वापरू नयेत हे सांगणारा माणूस राहिला नाही. वरातीच्या घोड्याबाबत तर विपरीतच घडले: हलगीच्या तालावर पुढचे पाय उचलणारा, क्षणभर उभा राहणारा घोडा अधिक मोलाचा ठरू लागला आणि काही जण त्यासाठी काटेरी कडियाळे, म्हणजे घोड्याच्या तोंडात बसणारा लगामाचा लोखंडी भाग, वापरू लागले. एका ठिकाणी उभे राहिल्याबद्दल ज्याचे कौतुक झाले, त्यालाच दुसऱ्या मालकाने स्वारीसाठी शिकवताना उभे राहिल्याबद्दल मारावे, याहून मोठा अन्याय त्या मुक्या जनावरावर होणार नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील १९६५ च्या नियमांनी काटे किंवा अणकुचीदार उंचवटे असलेला लगाम आणि काठी वापरण्यास मनाई केली आहे. तरी तसली कडियाळी अजून दिसतात, हे खेदाने लिहावे लागते.

युरोपातही ही ओढाताण होती. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोन याने लिहून ठेवले की घोड्याने ऐकले की त्याच क्षणी त्याला मोकळीक द्यावी. अठराव्या शतकात फ्रान्सच्या गेरिनियेर या अश्वशिक्षकाने मांडलेली शिक्षणपद्धती व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये आजही पाळली जाते. तेथील ‘लेव्हाद’ या आसनात घोडा पुढचे पाय उचलतो खरा, पण मागचे सांधे वाकवून, पुठ्ठे खाली घेऊन आणि कित्येक वर्षांच्या तयारीनंतर. घाबरलेला घोडा मागचे पाय ताठ करून उभा राहतो. दोन्ही दृश्ये दुरून सारखी दिसतात, म्हणून वरातीतल्या उभ्या घोड्याला ‘शिकलेला’ म्हणण्याची चूक होते.

विसाव्या शतकातील वर्तनशास्त्राने झेनोफोनचे म्हणणे नव्या शब्दांत सिद्ध केले: जनावर ताणापेक्षा ताण सुटण्याच्या क्षणातून शिकते. घोडा उभा राहिला, स्वार घाबरून उतरला आणि काम थांबले, तर उभे राहिल्याने सुटका होते हाच धडा त्याला मिळतो. दोनतीनदा असे झाले की त्याची खोड होते. पशुवैद्यकाने त्यात आणखी भर घातली. दाढांच्या धारदार कडा, पहिल्या दाढेपुढे उगवणारा आणि कडियाळ्याला लागणारा छोटा दात, पाठीवर रुतणारे खोगीर, कंबरेचे दुखणे यांमुळेही घोडा उभा राहतो, आणि तोंड दुखत असताना जेरबंद आवळणे म्हणजे दुखण्यावर दुखणे चढवणे होय. म्हणून जाणकार आधी तोंड आणि पाठ तपासून घेतात, मग स्वाराविना लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी फिरवून ‘पुढे चल’ हा एकच शब्द पक्का करतात, आणि स्वार बसल्यावर घोडा उठलाच तर लगाम सैल सोडून मानेकडे झुकायला, पाय जमिनीला टेकताच त्याला वळवून पुढे काढायला शिकवतात. ही कृती नवी म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ती काव्याचीच आहे.

सीमाभागात तिचा वारसा शोधायचा तर चिक्कोडी तालुक्यात कृष्णाकाठच्या अंकलीला जावे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हापासून अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व त्या सोहळ्यात असतात. दरवर्षी ते अंकलीहून पायी आळंदीला जातात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा, त्याच्यावर कोणीही बसत नाही. रिंगणात टाळ-मृदंगांचा गजर चालू असतो, भोवती वारकऱ्यांची अफाट दाटी असते, आणि त्या गर्दीत मोकळ्या ठेवलेल्या वर्तुळातून माउलींचा अश्व पाठीवर स्वार नसताना पुढे धावत राहतो.