टंग-टाय (जीभ चिकटलेली असणे)

जिभेला तोंडाच्या तळाशी जोडणारी पातळ घडी प्रत्येकाला असते. ती जन्मतः आखूड, जाड किंवा पार शेंड्यापर्यंत चिकटलेली असली की जिभेची हालचाल अडते. यालाच टंग-टाय म्हणतात. शास्त्रीय नाव अँकिलोग्लॉसिया. मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, आणि काही घरांत पिढीजात.

अंगावर पिताना बाळाची जीभ खालच्या हिरडीवरून पुढे येते, खोलगट होऊन स्तनाग्रासह भोवतालचा काळसर भाग धरते. मग तिचा मागचा भाग खाली जातो आणि त्या ओढीने दूध येते. जीभ पुढेच आली नाही तर बाळ हिरड्यांनी नुसते स्तनाग्र चावते. आईला चिरा पडतात, पाजून झाल्यावर स्तनाग्र चपटे, तिरपे दिसते. बाळ चक्‌चक् आवाज करते, सारखे सुटते, तासभर पिऊनही उपाशीच. रडताना जिभेच्या शेंड्याला खाच पडून बदामाचा आकार दिसतो.

मराठवाड्यात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी. तिथे बाळ किरकिरले की ‘हिचे दूधच पुरत नाही’ असा निकाल लागतो आणि वरचे दूध सुरू होते. मग स्तन रिकामे होत नाहीत आणि दूध खरोखरच आटत जाते. दोष आईच्या माथी बसतो, बाळाच्या तोंडात कुणी डोकावत नाही. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताईंच्या घरभेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरलेल्या असतात. बाळाचे वजन अडले असेल तर ते इथेच कळते. ऊसतोडीला गेलेल्या बीडकडच्या बाळंतिणीच्या या भेटी कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) सहज हुकतात.

घडी दिसली म्हणून कापायची, असे मात्र नाही. अमेरिकन बालरोग अकादमीच्या 2024 च्या अहवालानुसार टंग-टायची शारीरिक लक्षणे असलेल्या निम्म्याहून कमी बाळांनाच पिण्यात अडचण येते. आधी बाळ धरण्याची पद्धत आणि पकड सुधारावी, कुणीतरी शेजारी बसून एक पाजणे पूर्ण पाहावे. त्रास तरीही राहिला तर फ्रेनोटॉमी: बोथट टोकाच्या कात्रीने घडीला छोटा छेद. रक्ताचे दोन-चार थेंब येतात, लगेच बाळाला पाजतात. त्याआधी जन्मतःचे व्हिटॅमिन के (रक्त गोठण्यासाठी लागणारे) दिले होते का आणि घरात रक्त न थांबण्याचा आजार आहे का, हे विचारलेच पाहिजे. घरी ब्लेड लावणे धोक्याचे. जिभेखाली रक्तवाहिन्या आणि लाळेच्या नळ्या असतात. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी बालरोग किंवा कान-नाक-घसा विभागात दाखवावे.

2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) 5 चाचण्या आणि 302 बाळे होती. छेदानंतर आईचे दुखणे काही काळ कमी झाले. बाळाचे पिणे सुधारल्याचे मात्र सगळीकडे आढळले नाही. पुढे बोबडे बोलेल या भीतीने तान्हेपणीच छेद घेण्याला भक्कम आधार नाही.

छेदानंतर जिभेखाली पांढरट-पिवळा थर दिसतो. तो पू नसतो, काही दिवसांत जातो. जखमेत बोट घालून ताण देण्याचे व्यायाम सर्रास सांगितले जातात. त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि बाळ तोंडाला हात लावू देईनासे होऊ शकते.