सूर्यास्तापासून सकाळ मोजणारी गारवेल

कोकणातल्या घराच्या मागीलदारी, जांभ्या दगडाच्या गडग्यावर किंवा पडवळ-दोडक्यांच्या मांडवाच्या कडेला श्रावण सरता सरता एक वेल निळ्या-जांभळ्या कर्ण्यांनी भरून जाते. सकाळच्या चहाच्या वेळी टवटवीत दिसणारी तिची फुले दुपारची पाने वाढेपर्यंत मिटून ओल्या कागदासारखी लोंबू लागतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी नवी फुले आलेली असतात. मराठीत हिला गारवेल म्हणतात, मात्र हे नाव तिच्या गोतावळ्यातल्या दोन-चार वेलींना सरसकट दिले जाते. रोपवाटिकेत ती 'मॉर्निंग ग्लोरी' या नावाने विकली जाते आणि काष्ठौषधींच्या दुकानात तिचे बी 'काळा दाणा' म्हणून ओळखले जाते. शास्त्रीय नाव आयपोमिया निल. यातला 'आयपोमिया' हा शब्द स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली ग्रीक भाषेतून घडवला असून वेलीची वळवळती चाल पाहून त्याने तिला 'किड्यासारखी' ठरवले होते. 'निल' हा अरबीतून आलेला शब्द मात्र आपल्या 'नीळ' शब्दाचाच भाऊबंद आहे.

ही फुले सकाळी उमलतात, म्हणजे सूर्याची किरणे पडल्यावर उमलतात, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ती मोडण्यासाठी पहाटे चार-साडेचारला विजेरी घेऊन गडग्याशी जावे लागले. ऑक्टोबर अर्धा सरला होता, पूर्वेला अजून उजेडाचा मागमूस नव्हता, आणि आदल्या संध्याकाळी मिटलेल्या छत्रीसारख्या उभ्या असलेल्या कळ्यांपैकी निम्म्या तोवर उघडल्या होत्या. एका कळीचा पीळ माझ्यासमोरच सैल होत होता. काटा सरकताना दिसत नाही, पण पाच मिनिटांनी पाहिले की सरकलेला असतो, त्या गतीने तो सुटत होता.

जपानमध्ये या वेलीला 'आसागाओ' म्हणतात आणि तिच्यावरचे बरेचसे संशोधनही तिथेच झाले आहे. १९७० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी कळ्यांवर उजेड-अंधाराचे पद्धतशीर प्रयोग केले, तेव्हा असे आढळले की कळीचे घड्याळ सूर्यास्तापासून चालू होते. अंधार पडल्यावर साधारण दहा तासांनी फूल उमलते. हवा गार असेल तर ते थोडे आधीही उमलते. हे समजल्यावर आपल्याकडच्या एका निरीक्षणाचा उलगडा होतो. ऑगस्टच्या आरंभी रत्नागिरीत सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो आणि सव्वासहाच्या सुमारास उगवतो, तर नोव्हेंबरच्या मध्यास तो सहाच्या सुमारास मावळून पावणेसातच्या आसपास उगवतो. फूल सूर्योदयाची वाट पाहत असते तर ते नोव्हेंबरात उशिरा उमलले असते; प्रत्यक्षात सूर्योदय जसजसा लांबतो तसतसे ते लवकर उमलू लागते आणि मार्गशीर्षात दिवस उजाडतो तेव्हा त्याला उमलून बराच वेळ झालेला असतो. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने दुसऱ्या दिवशी उमलेल अशी कळी दुपारी चारलाच काळ्या कापडाने किंवा खोक्याने झाकावी आणि मध्यरात्रीनंतर उठण्याची तयारी ठेवावी. कळी देठासकट खुडून पाण्यात ठेवली तरी ती वेळेवर उमलते. तेव्हा वेळेचा हा हिशेब वेलीच्या मुळाकडे किंवा पानाकडे नसून कळीच्या स्वतःकडे असतो, असे मानावे लागते.

उमलण्याची यंत्रणा जवळून पाहण्यासारखी आहे. या फुलाच्या पाच पाकळ्या कडेने एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणूनच कर्णा तयार होतो; पण प्रत्येक पाकळीच्या मधोमध एक जाडसर पट्टा असतो आणि उमललेल्या फुलात हे पाच पट्टे मिळून तारा दिसतो. छत्रीच्या काड्यांचे काम हेच पट्टे करतात. उमलताना त्यांच्या आतल्या बाजूच्या पेशी पाणी शोषून फुगतात, पट्टे बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मधले पातळ कापड आपोआप ताणले जाते. मिटताना याच्या उलट घडते, पट्टे आत वळतात आणि फुलाची कड गुंडाळत जाते.

उमलण्यापूर्वीच्या त्या अंधाऱ्या तासांत फुलाच्या आत आणखी एक काम उरकले जाते. पुंकेसरांचे तंतू झपाट्याने लांबतात आणि फुटलेले परागकोश कुक्षीला, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या टोकाला, घासून वर जातात, त्यामुळे पहिली मधमाशी येण्याआधीच फुलाचे स्वपरागण झालेले असते. भुंगे आणि मधमाश्या नंतर येतात व परक्या फुलाचे परागही आणतात, पण ते आले नाहीत तरी बी धरते. झोडपून काढणाऱ्या पावसाच्या प्रदेशात ही सोय मोलाची आहे. स्वपरागणाची किंमत किती हे चार्ल्स डार्विनने याच गणातल्या आयपोमिया परप्युरिया या वेलीवर दहा पिढ्या प्रयोग करून मोजले आणि १८७६ साली प्रसिद्ध केले. परपरागणाने झालेल्या रोपांची उंची १०० धरली, तर स्वपरागणाची रोपे सरासरी ७७ भरली. सहाव्या पिढीत मात्र स्वपरागणाचे एक रोप आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या अर्धा इंच पुढे गेले. डार्विनने त्याला 'हीरो' असे नाव दिले, आणि इतक्या काटेकोर माणसाने एका रोपाचे असे कौतुक करावे याची गंमत वाटते.

आता रंगाविषयी. बागांतून लावल्या जाणाऱ्या 'हेवनली ब्लू' या मेक्सिकन वेलीची कळी तांबूस जांभळी असते आणि फूल उमलले की आकाशी होते. रंगद्रव्य दोन्ही वेळा तेच असते, अँथोसायनिन नावाचे. बदलतो तो पाकळीच्या पेशींतल्या रिक्तिकांचा, म्हणजे पाणी साठवणाऱ्या पिशव्यांचा सामू; सामू म्हणजे आम्लता मोजणारा आकडा, सातच्या खाली आम्लधर्मी आणि वर आम्लारी. जपानी रसायनशास्त्रज्ञांनी १९९५ साली तो प्रत्यक्ष मोजून दाखवला: कळीत ६.६ आणि उमललेल्या फुलात ७.७. वनस्पतींच्या रिक्तिका सहसा आम्लधर्मी असतात, तेव्हा एका रात्रीत त्या आम्लारीपर्यंत जाव्यात ही साधी गोष्ट नाही. हे घडवणाऱ्या जनुकाचा शोध २००० साली आयपोमिया निलमध्येच लागला. त्या जनुकापासून बनणारे प्रथिन रिक्तिकेतले हायड्रोजनचे आयन बाहेर काढते आणि त्यांच्या बदल्यात पोटॅशियम व सोडियमचे आयन आत घेते. ज्या वाणात हे जनुक बिघडलेले असते त्याची फुले निळी होऊच शकत नाहीत, जांभळीच राहतात.

याचा पडताळा स्वयंपाकघरात घेता येतो. निळ्या फुलाच्या दोन-तीन पाकळ्या थोड्या पाण्यात चुरडून त्या रंगीत पाण्यात लिंबाचा रस पिळावा, ते गुलाबी होते. दुसऱ्या वाटीत पानाच्या डब्यातला कणभर चुना घालावा, ते हिरवट होते. कोकणातल्या माणसाला लिंबाऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा रस, घालण्याचा मोह होईल, पण आमसुलाचा लाल रंगही अँथोसायनिनचाच असल्यामुळे कोणता रंग कोणाचा हे कळणार नाही.

दुपारी फूल कोमेजते त्याचे खापर आपण उन्हावर फोडतो. ऊन घाई करते हे खरे, कारण ढगाळ दिवशी हीच फुले उशिरापर्यंत उघडी राहतात. पण सावलीत ठेवलेले फूलही त्याच दिवशी मरते. त्याच्या पेशी इथिलीन हा वायू तयार करू लागतात आणि तो वायू पाकळ्यांच्या पट्ट्यांना आत वळवतो. अढीत घातलेले हापूस एकमेकांच्या संगतीने पिकतात ते याच वायूमुळे, एवढे सांगितले की कोकणात त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. २०१४ साली जपानी संशोधकांनी या वेलीत पाकळ्यांच्या मरणाचा कार्यक्रम चालू करणारे एक जनुक शोधून त्याला 'इफेमरल-१', म्हणजे 'अल्पजीवी', असे नाव दिले. ते जनुक दाबून टाकलेल्या वेलींची फुले दुसऱ्या दिवसापर्यंत उघडी राहिली. बी धरण्याचे काम पहाटेच उरकलेले असताना एवढे मोठे, पातळ आणि पाणी गमावणारे फूल उघडे ठेवणे वेलीला परवडत नसावे, असे मला वाटते.

फुलांवरून नजर काढून वेलीकडे पाहिले तर तीही स्वस्थ नसते. काकडी-दोडक्यासारखे ताणे हिला नाहीत. खोडच आधाराभोवती वळते. शेंड्याचा मोकळा भाग तासा-दोन तासांत हवेत एक फेरी मारतो आणि काठी, दोरी किंवा शेजारच्या झाडाची फांदी लागली की तिला वेढा घालतो. वरून पाहिल्यास हा वेढा नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट असतो. वेल हाताने सोडवून दुसऱ्या दिशेने गुंडाळून ठेवली, तर नवी वाढ पुन्हा आपल्याच दिशेने वळते. पृथ्वीच्या उत्तर-दक्षिण गोलार्धांचा याच्याशी संबंध नाही, दिशा त्या त्या जातीची ठरलेली असते. आपल्या परसातले करांदा आणि कोनफळ एकाच गणातले असूनही परस्परविरुद्ध दिशांनी चढतात, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी येत्या पावसाळ्यात जरूर पाहावे.

वर कुठे आणि खाली कुठे हे वेलीला खोडातल्या काही पेशींमुळे कळते. त्या पेशींतले जड पिष्टकण गुरुत्वाकर्षणाने तळाशी बसतात. आसागाओचा एक जपानी वाण चढतच नाही, नुसता लोंबतो. २००५ साली त्याचे कारण सापडले: एका जनुकातल्या दोषामुळे त्याच्या खोडात या पेशी नीट तयार होत नाहीत, आणि त्या नसल्या की शेंड्याची फेरी थांबते व वेढाही पडत नाही. चढलेली वेल घसरू नये म्हणून खोडावर खाली वळलेली राठ लव असते. खोडावरून बोट खालून वर फिरवले की ती बोटाला खरखरीत लागते, वरून खाली फिरवले तर तेवढी लागत नाही.

या घराण्यातले सगळेच चढत नाहीत. गुहागर, आरे-वारे किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या वर वाळूत पसरलेली मर्यादावेल हिची सख्खी नातलग आहे. तिची पाने शेळीच्या खुरासारखी दुभंगलेली असतात, पेरापेरांतून मुळे फुटून ती वाळू धरून ठेवते आणि तिचे बी समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागते. उपवासाचे रताळेही याच गणातले. त्याची वेल क्वचित फुलते, पण फुलली की जांभळट कर्णा पाहून नाते विचारावे लागत नाही. पांढरी गुलचांदणी रात्री पतंगांसाठी उमलते. रबराला चेंडूसारखी उसळी यावी म्हणून मध्य अमेरिकेतले लोक रबराच्या झाडाच्या चिकात तिचा रस मिसळत, आणि त्यांची ही युक्ती गुडइयरच्या व्हल्कनीकरणाच्या, म्हणजे गंधकाने रबर टिकाऊ करण्याच्या रीतीच्या, तीनएक हजार वर्षे आधीची आहे.

गारवेलीचे बी काळे आणि संत्र्याच्या फोडीसारखे कोनदार असते. गोल बोंडात तीन कप्पे आणि प्रत्येकात दोन बिया, असा हिशेब असतो. त्यांत तीव्र रेचक राळ असल्याने लहान मुलांच्या हाती त्या लागू देऊ नयेत. साल इतकी टणक असते की पेरण्यापूर्वी ती दगडावर किंचित घासून बी रात्रभर पाण्यात भिजवावे लागते. न घासलेल्या बियाही फुकट जात नाहीत. थंडीत बोंडे तडकून त्या गडग्याच्या फटींत पडतात, काही मृगाच्या पहिल्या सरींना रुजतात आणि काहींची साल एवढी चिवट असते की त्या पुढच्या वर्षीच्या पावसात वर येतात.