परदेशी वकिलातीत पाय ठेवला की परदेशात पोहोचलात?

“दूतावासाची जमीन त्या देशाच्याच मालकीची असते. आत शिरलात तर आश्रय आणि आत बाळ जन्मलं तर नागरिकत्व मिळतं.” असा मेसेज फिरत असतो.

त्याला आधार आहे, पण अर्धाच. राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961च्या व्हिएन्ना कराराचं कलम 22 म्हणतं की दूतावासाची वास्तू अभंग आहे. म्हणजे दूतावासप्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाचे पोलीसही आत जाऊ शकत नाहीत. पण फाटक बंद असलं म्हणून जमीन परकी होत नाही. ती यजमान देशाच्याच हद्दीतली राहते आणि कलम 41नुसार दूतावासातल्यांनाही तिथले कायदे पाळावे लागतात.

साधा विचार करा. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात लोक फाइल कवटाळून व्हिसाच्या मुलाखतीला जातात. ती अमेरिका असती, तर आत जायलाच व्हिसा लागला असता! (वाणिज्य दूतावासांसाठी 1963चा करार वेगळा आहे आणि संरक्षण त्याहून सौम्य.)

आश्रयाचं काय? 1951च्या निर्वासित कराराचं पहिलं कलम वाचा: निर्वासित म्हणजे छळाच्या भीतीने आपल्या देशाबाहेर असलेली व्यक्ती. स्वदेशातल्या परदेशी दूतावासात बसलेला माणूस अजून देशातच असतो. दूतावासात आसरा देण्याची करारबद्ध प्रथा मुख्यतः लॅटिन अमेरिकेत आहे, 1954च्या काराकास करारामुळे. इतरत्र कुणी दिलाच, तर तो हक्क नसून राजकीय निर्णय असतो. बाळाचंही तेच: केवळ त्या इमारतीत जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही, आईवडिलांचं नागरिकत्व पाहावं लागतं.

हे करार इंटरनेटवर मोफत वाचता येतात. कलम 22 जेमतेम तीन परिच्छेदांचं आहे. जमीन दुसऱ्या देशाची होते, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.