वीस ग्रॅमसाठी टायटॅनियम

एका तळहातावर गाडीच्या इंजिनचा पोलादी इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी झडप, ठेवा, दुसऱ्यावर त्याच मापाचा टायटॅनियमचा. हाताला फरक लगेच कळतो. पोलादाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची ४.४ च्या आसपास. म्हणजे ५० ग्रॅमचा व्हॉल्व्ह थेट तिशीच्या आत येतो. दीड टनाच्या गाडीत वीस ग्रॅमचं ते काय कौतुक? पायाखालचं मॅट झटकलं तरी त्याहून जास्त माती निघते!

पण मॅटवरची माती नुसती गाडीसोबत जाते. व्हॉल्व्हला मात्र दर फेरीत शून्यातून वेग घ्यायचा असतो, थांबायचं असतं आणि उलट दिशेने परतायचं असतं. फोर-स्ट्रोक इंजिन ७,००० आरपीएमवर (मिनिटाला ७,००० गिरक्या) असताना प्रत्येक व्हॉल्व्ह दोन गिरक्यांत एकदा, म्हणजे सेकंदाला सुमारे ५८ वेळा उघडतो आणि मिटतो. एकदा उघडून मिटायला त्याला जेमतेम सहा मिलिसेकंद मिळतात.

यात एक गोम आहे. व्हॉल्व्ह उघडतो तो कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा. कॅमला फक्त ढकलता येतं, ओढता येत नाही. व्हॉल्व्ह परत आणायचं काम स्प्रिंगचं. कॅमचा उंचवटा ओलांडताना व्हॉल्व्हला पुढेच जायचं असतं आणि स्प्रिंगने त्याला मागे खेचायचं असतं. एक ढोबळ हिशेब करू. व्हॉल्व्ह, त्याच्या डोक्यावरचा रिटेनर (स्प्रिंग धरून ठेवणारी चकती), बकेट (कॅम ज्यावर दाबतो ती वाटी) आणि स्प्रिंगचा हलणारा भाग मिळून १०० ग्रॅम धरा. दहा मिलिमीटर उघडून सहा मिलिसेकंदांत मिटायचं. हालचाल अगदी गुळगुळीत मानली तरी उंचवट्यापाशी लागणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साडेपाचशे पटींपुढे जातं. शंभर ग्रॅमच्या त्या जुडग्याला आवरायला ५६ किलो वजनाइतका जोर हवा. स्प्रिंग तेवढी ताकदीची नसेल तर व्हॉल्व्ह कॅमला सोडून तरंगतो, उशिरा मिटतो, सीटवर (मिटल्यावर तो जिथे टेकतो त्या कड्यावर) आपटून उसळतो आणि नशीब फिरलं तर वर येणाऱ्या पिस्टनला भेटतो. त्यापुढचं वर्णन नको.

लागणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, हीच खरी अडचण. स्प्रिंग जाड करत गेलं तर कॅमवरचं घर्षण आणि झीज वाढते, शिवाय स्प्रिंग स्वतःच जड होते. याउलट वीस ग्रॅम कमी केले, की तीच स्प्रिंग ७,००० ऐवजी साधारण ७,८०० आरपीएमपर्यंत व्हॉल्व्हला धरून ठेवते. टायटॅनियममुळे पॉवर वाढते असं सर्रास म्हटलं जातं, ते अर्धवट आहे. ते फक्त मोकळीक देतं. ती जास्त आरपीएमसाठी वापरायची, व्हॉल्व्ह झटकन उघडणाऱ्या कॅमसाठी, की मोठ्या व्हॉल्व्हसाठी, हे इंजिन बनवणाऱ्याने ठरवायचं.

२००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ या स्पोर्ट्स कारमध्ये तिसरा मार्ग, मोठा व्हॉल्व्ह, दिसतो. सात लिटरचं व्ही८ इंजिन, कॅम खाली ब्लॉकमध्ये, मधे जोर वर पोचवणारा लांब पुशरॉड आणि तो व्हॉल्व्हकडे वळवणारी तरफ, म्हणजे रॉकर; हलणारं एवढं ओझं असूनही रेडलाइन, म्हणजे वेगाची कमाल मर्यादा, ७,००० आरपीएम. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह तब्बल ५६ मिलिमीटर व्यासाचा आणि टायटॅनियमचा. वजन नेमकं कुठे कमी करायचं याचा धडाही इथेच मिळतो. रॉकरचं गुणोत्तर १.८, म्हणजे व्हॉल्व्ह पुशरॉडच्या १.८ पट हलतो; त्यामुळे पुशरॉडकडचा एक ग्रॅम व्हॉल्व्हच्या बाजूने मोजला तर एक तृतीयांशाहूनही कमी भरतो. म्हणून आधी व्हॉल्व्ह आणि रिटेनर हलके करायचे, बाकीचं नंतर. एकच भाग बदलायचा असेल तर मी रिटेनर निवडेन: तोही व्हॉल्व्हइतकाच पळतो, पण ज्वाळेपासून लांब असतो.

ज्वाळेचा मुद्दा मोठा आहे. त्याच कॉर्व्हेटचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारे) टायटॅनियमचे नाहीत; ते आत सोडियम भरलेले आहेत. इनटेक व्हॉल्व्हला दर फेरीत ताजी हवा गार करते, एक्झॉस्टवरून मात्र पेटलेला वायूच जातो. नेहमीची टायटॅनियमची मिश्रधातू ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे ढिली पडत जाते, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ७०० च्या घरात पोचतो. टोयोटाने १९९८ च्या अल्टेझा या गाडीत इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही बाजूंना टायटॅनियम वापरलं, पण त्यासाठी धातूची पूड दाबून-भाजून, त्यात टायटॅनियम बोराइडचे कण मिसळून वेगळाच माल तयार करावा लागला.

स्प्रिंगही टायटॅनियमच्या होतात. हा धातू पोलादाच्या जवळजवळ निम्माच ताठ आहे. व्हॉल्व्हच्या दांडीत हा दोष, स्प्रिंगमध्ये मात्र गुण: कमी वेटोळ्यांत तेवढीच लवचीकता मिळते.

आता या धातूची खोड. टायटॅनियम दुसऱ्या धातूवर घासलं की सरळ घसरत नाही. चिकटतं, ओरबाडतं आणि सोलून निघतं. म्हणून दांडीवर मॉलिब्डेनम किंवा क्रोमियम नायट्राइडचा थर चढवतात, टोकावर कठीण पोलादाची टोपी बसवतात, आणि रेसिंगमध्ये सीट तांब्याच्या मिश्रधातूच्या घेतात. वजन टायटॅनियम वाचवतं, झिजेला तोंड देतो तो काही मायक्रॉनचा थर.

इंजिनचं हेड (व्हॉल्व्ह बसलेला वरचा भाग) उघडलं की व्हॉल्व्हला ग्रायंडिंग पेस्ट लावून सीटवर चोळायची सवय हाताला जडलेली असते. पोलादी व्हॉल्व्हवर तो रिवाज ठीक आहे. थर दिलेल्या टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर तीच पेस्ट नेमका तो थर खाते. सीट मशिनवर कापून घ्यायची, आणि व्हॉल्व्हचा थर उडालेला दिसला तर तो व्हॉल्व्ह बाजूला ठेवायचा.